व्हिडिओवर कॉपीराइट क्लेम आलाय? कंपन्या नेमकं काय करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लेमचा, म्हणजे "तुमच्या व्हिडिओत आमचा माल आहे" असं कंपनी सांगते त्याचा, मेल आला की सगळ्यांचीच छाती धडधडते, आणि मग घाईघाईत एकतर व्हिडिओ डिलीट होतो नाहीतर रागाच्या भरात डिस्प्यूट (क्लेमला हरकत) टाकला जातो. समोरची कंपनी काय विचार करते हे आधी माहीत असलं तर अर्धं टेन्शन तिथेच जातं, म्हणून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एका जागी लिहिलेत. बोलणं मुख्यतः यूट्यूबबद्दल आहे कारण ही सगळी पद्धत तिथेच सगळ्यात जास्त मुरलीय, बाकी साइट्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

कंपनीला माझा व्हिडिओ सापडतो कसा? कोणी बसून बघतं का?

बहुतेक वेळा कोणीच बघत नाही. कंपनी आपला सिनेमा, एपिसोड किंवा गाण्याची मूळ फाइल यूट्यूबच्या कंटेंट आयडी सिस्टीमला देते, सिस्टीम त्या फाइलचा एक डिजिटल ठसा बनवून ठेवते आणि नंतर जो जो व्हिडिओ अपलोड होतो तो या ठशांशी जुळवून बघते. हे २००७ पासून चालू आहे. चित्र वेगळं जुळवतात, आवाज वेगळा, आणि गाण्याची चालसुद्धा वेगळी जुळवता येते. त्यामुळे चित्र आरशासारखं उलटं करा, भोवती चौकट लावा, आवाजाची पट्टी थोडी वर सरकवा वगैरे जे उपाय लोक एकमेकांना सांगत असतात ते आज चालले तरी उद्या चालतीलच असं नाही, कारण ठसे तेच राहतात पण जुळवणारी सिस्टीम सुधारत जाते आणि जुने व्हिडिओपण परत तपासले जातात. तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर आज अचानक क्लेम येतो तो यामुळेच, किंवा मग कंपनीने ती जुनी फाइल सिस्टीमला आत्ता दिलेली असते.

कंटेंट आयडी सगळ्यांना मिळत नाही. ज्यांच्याकडे एक्सक्लुझिव्ह हक्क असलेला भरपूर माल आहे आणि तो माल लोक सारखा अपलोड करत असतात अशांनाच मिळतो, म्हणजे स्टुडिओ, चॅनेल, म्युझिक लेबल वगैरे.

सापडला की उडवतातच ना?

नाही, आणि लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे. मॅच सापडला की कंपनीपुढे तीन रस्ते असतात: ब्लॉक करा, चालू ठेवून त्यावरच्या जाहिरातींचे पैसे घ्या, किंवा नुसतं किती लोक कुठून बघतायत ते बघत राहा. यूट्यूबच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे ९० टक्क्यांहून जास्त क्लेममध्ये कंपन्या पैसे घेण्याचा रस्ता निवडतात. डिसेंबर २०२२ पर्यंत या रस्त्याने हक्कधारकांना ९०० कोटी डॉलर दिले असं यूट्यूबने सांगितलंय. एवढा पैसा येत असताना व्हिडिओ उडवून कंपनीला काय मिळणार? आपण "माझ्यावर केस करतील का" म्हणून घाबरत असतो तेव्हा तिकडे बहुतेक वेळा एवढंच चाललेलं असतं की या व्ह्यूचा पैसा कोणाच्या खात्यात जाणार.

हे तीन रस्ते एकत्रपण लावता येतात बरं का. एकाच सिनेमासाठी कंपनी असा नियम लावू शकते की अमुक देशांत ब्लॉक, बाकी सगळीकडे पैसे घ्या, मॅच तमुक सेकंदांपेक्षा छोटा असेल तर फक्त बघत राहा. म्हणून "माझ्या मित्राला दिसतोय पण मला दिसत नाही" हा प्रकार होतो.

मग काही कंपन्या पाच मिनिटांत उडवतात आणि काही वर्षानुवर्षं गप्प बसतात, असं का?

याची कारणं बरीच आहेत आणि बाहेरून ती दिसत नाहीत.

पहिलं म्हणजे वेळ. नवा सिनेमा थिएटरमध्ये आहे, किंवा खेळाची मॅच लाइव्ह चालू आहे, तेव्हा त्या मालाची सगळी किंमत त्या काही तासांत किंवा आठवड्यांत असते, तिथे जाहिरातीचे पैसे घेऊन कंपनीचं भागत नाही, म्हणून सरळ ब्लॉक. तोच सिनेमा पंधरा वर्षांनी क्लिप-क्लिप करून फिरत असेल तर कंपनीला ती फुकटची जाहिरात वाटू शकते.

दुसरं म्हणजे हक्कांची वाटणी. सिनेमाचे हक्क देशाप्रमाणे वेगळे विकलेले असतात, टीव्हीचे वेगळे, ओटीटीचे वेगळे, आणि गाण्यात तर दोन थर असतात, रेकॉर्डिंग एकाचं आणि शब्द-चाल दुसऱ्याची. कंपनीला मनातून चालत असलं तरी एखाद्या देशातले हक्क दुसऱ्याला विकलेत म्हटल्यावर तिथे तिला ब्लॉक करावंच लागतं. जर्मनीत तर गीतकार-संगीतकारांची संस्था गेमा आणि यूट्यूब यांचं पैशांवरून जुळेना म्हणून २००९ पासून २०१६ च्या नोव्हेंबरपर्यंत असंख्य म्युझिक व्हिडिओ दिसतच नव्हते, त्यात प्रेक्षकाचा काही दोष नव्हता आणि बऱ्याचदा गायकाचापण नव्हता. अलीकडचं सांगायचं तर २०२४ च्या सुरुवातीला युनिव्हर्सल म्युझिकने टिकटॉकवरून आपली गाणी काढून घेतली, लोकांचे आधीचे व्हिडिओ एका रात्रीत मुके झाले, आणि मे महिन्यात करार झाल्यावर गाणी परत आली.

तिसरं म्हणजे कंपनीची स्वतःची समज, आणि ती बदलतेपण. जपानच्या कादोकावा या प्रकाशन कंपनीने २००८ मध्येच ठरवलं की चाहत्यांनी आपल्या अॅनिमेवरून केलेले व्हिडिओ सरसकट पाडायचे नाहीत, तपासून परवानगी द्यायची आणि जाहिरातीचे पैसे घ्यायचे. निन्टेन्डोने २०१३ मध्ये गेम खेळतानाच्या व्हिडिओंवर क्लेम टाकायला सुरुवात केली, मग २०१५ मध्ये पैसे वाटून घ्यायची एक स्कीम काढली ज्यात भरपूर अटी होत्या, आणि २०१८ च्या शेवटी ती स्कीम बंद करून साधे नियम जाहीर केले की स्वतःची कॉमेंट्री किंवा काहीतरी भर घालून टाका, आम्ही आड येणार नाही. पाच वर्षांत एवढा फरक! मला निन्टेन्डोचा हा शेवटचा रस्ता खरंच आवडतो, कारण त्यात काय चालतं नि काय नाही ते माणसाला आधीच वाचून कळतं. कितीतरी कंपन्या हे कधी लिहूनच देत नाहीत, मग बिचारा क्रिएटर अंदाज बांधत बसतो.

हे सगळं सुरू कुठून झालं?

यूट्यूब २००५ मध्ये आलं आणि वर्षभरातच टीव्हीच्या क्लिप्सनी भरून गेलं. २००६ मध्ये गूगलने ते १६५ कोटी डॉलरला घेतलं, आणि आता समोर पैसेवाली पार्टी आहे म्हटल्यावर कंपन्या सरसावल्या. फेब्रुवारी २००७ मध्ये वायाकॉम या अमेरिकेच्या टीव्ही-सिनेमा कंपनीने एक लाखाहून जास्त क्लिप्स काढायला लावल्या आणि मार्चमध्ये १०० कोटी डॉलरचा दावा ठोकला. २०१० मध्ये खालच्या कोर्टात यूट्यूब जिंकलं, २०१२ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल काही अंशी फिरवला, २०१३ मध्ये परत यूट्यूबच्या बाजूने, आणि शेवटी २०१४ मध्ये दोघांनी आपसात मिटवलं.

या केसमधली एक गोष्ट सगळ्यांना माहीत असायला हवी. यूट्यूबने जाहीर आरोप केला होता की वायाकॉमच स्वतःच्या क्लिप्स मार्केटिंग एजन्सीकडून गुपचूप अपलोड करून घ्यायची, त्या चोरीच्या वाटाव्यात म्हणून मुद्दाम खराब करायची, आणि मग त्यातल्याच काही क्लिप्स काढायला सांगायची. एकाच कंपनीत मार्केटिंगवाल्यांना व्हिडिओ पसरायला हवा असतो आणि लीगलवाल्यांना तो बंद व्हायला हवा असतो, हे तेव्हाही होतं आणि आजही आहे. तुम्हाला एकाच कंपनीकडून दोन वेगळे अनुभव आले तर त्यामागे हेपण असू शकतं.

साइट स्वतः जबाबदार का नसते?

अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यामुळे. त्यात असं आहे की लोकांनी टाकलेल्या मालाची साइटला नेमकी माहिती नसेल आणि नोटीस आल्यावर ती लगेच काढत असेल तर साइटवर नुकसानभरपाई येत नाही. मोठ्या साइट्स अमेरिकेच्या असल्यामुळे जगभर हीच पद्धत रुळली. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर तक्रार आल्यावर ३६ तासांत काढायचं आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आला नाही तर परत चालू करता येतं अशी तरतूद आहे, आणि टी-सीरिज विरुद्ध मायस्पेस केसमध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने २०१६ मध्ये म्हटलं की साइटला नेमक्या कुठल्या मालाबद्दल ते माहीत असायला हवं, मोघम माहिती पुरत नाही. युरोपने मात्र २०१९ च्या निर्देशातल्या कलम १७ ने उलटी दिशा धरली, तिथे मोठ्या साइट्सनी स्वतःहून लायसन्स मिळवायचा प्रयत्न करायचा असतो, पण टीका, समीक्षा, विडंबन यांना जागा ठेवायची असंही त्याच कलमात लिहिलंय.

क्लेम आणि स्ट्राइक एकच ना?

अजिबात नाही, आणि ही गल्लत फार महागात पडते.

क्लेम त्या एका व्हिडिओपुरता असतो. पैसे दुसरीकडे जातात किंवा व्हिडिओ काही ठिकाणी दिसत नाही, चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक येतो तो कायदेशीर टेकडाउन नोटीस, म्हणजे व्हिडिओ काढून टाका अशी नोटीस, आल्यावर, आणि तो चॅनेलवर बसतो. ९० दिवसांच्या आत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल बंद होऊ शकतं. पहिल्या स्ट्राइकला कॉपीराइट स्कूल म्हणून एक छोटा कोर्स करावा लागतो आणि ९० दिवसांनी तो स्ट्राइक जातो. स्ट्राइक आल्यावर व्हिडिओ डिलीट करून काही उपयोग नाही, स्ट्राइक तसाच राहतो. तो काढायचे रस्ते तीनच: ९० दिवस थांबा, कंपनीला नोटीस मागे घ्यायला सांगा, किंवा काउंटर नोटिफिकेशन (नोटिशीला कायदेशीर उत्तर, खाली सांगितलंय) द्या.

म्हणून मेल आला की आधी नीट वाचा. यूट्यूब स्टुडिओमध्ये (चॅनेल सांभाळायच्या पानावर) त्या व्हिडिओच्या कॉपीराइट डिटेल्स उघडल्या की कोणी क्लेम केलाय, कुठल्या मालासाठी, व्हिडिओच्या कितव्या मिनिटापासून कितव्यापर्यंत, आणि परिणाम काय, हे चारही तिथे दिसतं. १:१२ ते १:४९ एवढाच तुकडा असेल तर तेवढाच कापता येतो किंवा तिथलं गाणं काढता-बदलता येतं, क्लेम आपोआप जातो, आख्खा व्हिडिओ उडवायची गरज नसते. २०१९ पासून कोणी हाताने क्लेम टाकला तरी त्याला वेळ नेमकी द्यावीच लागते. त्याआधी तेवढंही नव्हतं, वीस मिनिटांच्या व्हिडिओत कुठे काय चुकलं ते आपण शोधत बसायचं.

मी फक्त ३० सेकंद वापरलंय / क्रेडिट दिलंय / पैसे कमवत नाहीये / स्वतः विकत घेतलंय. तरी?

तरी. असा सेकंदांचा कुठलाही नियम कायद्यात नाही. क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. डिस्क्रिप्शनमध्ये "कॉपीराइट भंगाचा हेतू नाही" लिहिल्याने सिस्टीमला काही फरक पडत नाही. आणि डिस्क किंवा सबस्क्रिप्शन विकत घेतलं तर ते बघण्यासाठी घेतलेलं असतं.

फेअर यूज, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर, मग कधी लागू होतो?

अमेरिकेच्या कायद्यात कोर्ट चार गोष्टी बघतं: वापर कशासाठी केला आणि मूळ गोष्टीत काही नवीन भर घातली का, मूळ काम कशा प्रकारचं आहे, किती घेतलं, आणि मूळ कामाच्या बाजारावर काय परिणाम झाला. चारही एकत्र तोलतात, त्यामुळे "यात बसतं, त्यात बसत नाही" असा पक्का तक्ता कोणीही देऊ शकत नाही, आणि देत असेल तर विश्वास ठेवू नका.

एक उदाहरण देते. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने एका रिअॅक्शन व्हिडिओला फेअर यूज म्हटलं, कारण त्यातली जोडी मूळ व्हिडिओ थोडा थोडा दाखवून सारखी थांबत होती आणि त्यावर बोलत होती, टीका करत होती. पण कोर्टाने तिथेच स्पष्ट केलं की सगळेच रिअॅक्शन व्हिडिओ यात येतात असं नाही, नुसतं सगळ्यांनी मिळून बघितल्यासारखं असेल तर वेगळा विचार होईल. म्हणजे कोपऱ्यात आपला चेहरा लावून आख्खा एपिसोड चालवणं आणि एक प्रसंग घेऊन त्याची चिरफाड करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं उदाहरण जास्त जवळचं आहे. २००७ मध्ये एका आईने आपलं लहान मूल स्वयंपाकघरात नाचतंय असा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागे प्रिन्स या गायकाचं एक गाणं अस्पष्ट वाजत होतं. युनिव्हर्सलने तो काढायला लावला. ती बाई गप्प बसली नाही, काउंटर नोटिफिकेशन देऊन व्हिडिओ परत आणला आणि वर कोर्टात गेली. २०१५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की टेकडाउन पाठवण्याआधी कंपनीने फेअर यूजचा विचार करायलाच हवा. तिच्यामुळे आपल्यासारख्यांच्या हातात एक मुद्दा आला, याबद्दल मला तिचं फार कौतुक वाटतं.

सिस्टीम चुकते का?

चुकते. एका संगीततज्ज्ञाने २०१५ मध्ये दहा तासांचा नुसता खरखरीचा आवाज, म्हणजे व्हाइट नॉइज, स्वतः बनवून टाकला होता, त्यावर २०१८ पर्यंत पाच क्लेम आले! २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरलं त्यानंतर थोड्याच वेळात नासाचा स्वतःचा व्हिडिओ नासाच्या स्वतःच्या चॅनेलवरून गेला, कारण एका न्यूज कंपनीचा त्यावर क्लेम होता. ते फुटेज मुळात सगळ्यांसाठी खुलं असतं. अशा कंपन्या काय करतात तर आपला आख्खा न्यूज कार्यक्रम सिस्टीमला देतात, त्यात दुसऱ्याचं फुटेज असतं, आणि सिस्टीमला वाटतं की तेही यांचंच.

आणि काही वेळा चूक नसते, सरळ फसवणूक असते. अमेरिकेत दोघांनी ५० हजारांहून जास्त गाण्यांवर खोटा हक्क सांगून काही वर्षांत २ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त रॉयल्टी लाटली. त्यातल्या एकाला २०२३ मध्ये जवळपास सहा वर्षांची शिक्षा झाली. तो पैसा ज्या कलाकारांचा होता त्यातल्या कित्येकांना पत्ताही नव्हता.

डिस्प्यूट टाकू का?

खरंच हक्क असेल तर जरूर टाका. लोक उगाच घाबरतात. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत ७२ कोटींहून जास्त क्लेम झाले, त्यातल्या एक टक्क्याहून कमी क्लेमना कोणी आव्हान दिलं, आणि ज्यांनी दिलं त्यातले ६० टक्के अपलोड करणाऱ्याच्या बाजूने सुटले.

पद्धत अशी: डिस्प्यूट टाकल्यावर कंपनीकडे ३० दिवस असतात, काहीच उत्तर दिलं नाही तर क्लेम सुटतो. क्लेम आल्यापासून पाच दिवसांच्या आत टाकला तर पहिल्या दिवसापासूनचे जाहिरातीचे पैसे बाजूला ठेवले जातात आणि जो जिंकेल त्याला मिळतात, म्हणून विचार करा पण आठवडा घालवू नका. कंपनीने नाकारलं तर अपील करता येतं, तिथे त्यांना ७ दिवस मिळतात. पण अपीलही त्यांना मान्य नसेल तर ते टेकडाउन पाठवू शकतात आणि मग स्ट्राइक बसतो, म्हणून अपीलपर्यंत जाताना मुद्दा पक्का हवा.

डिस्प्यूटमध्ये भावनिक लिहू नका. "मी गरीब क्रिएटर आहे, प्लीज" याने काही होत नाही. कुठल्या सेकंदाला काय आहे, लायसन्स कुठून घेतलं, किंवा तुम्ही त्यावर नेमकी काय टीका करताय, हे चार ओळींत लिहा.

काउंटर नोटिफिकेशन म्हणजे काय, धोका किती?

टेकडाउनला दिलेलं हे कायदेशीर उत्तर आहे, शपथेवर. तुमचं खरं नाव-पत्ता कंपनीकडे जातो. त्यांनी १० कामकाजाच्या दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो. बहुतेक कंपन्या एका क्लिपसाठी कोर्टात जात नाहीत, पण जाऊ शकतात, आणि अमेरिकेत जाणूनबुजून केलेल्या भंगाला एका कामामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद आहे. गंमत म्हणून भरायचा फॉर्म नाही हा. शंका असेल तर आधी वकिलाला विचारा.

गाणं मी स्वतः गायलंय, तरी क्लेम कसा?

रेकॉर्डिंग तुमचं, चाल आणि शब्द दुसऱ्याचे. क्लेम त्या दुसऱ्या थरावर आलेला असतो. बरेच पब्लिशर (शब्द-चालीचे हक्क सांभाळणाऱ्या कंपन्या) कव्हर व्हिडिओचे, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः गायलेल्या व्हिडिओचे, पैसे गायकाबरोबर वाटून घ्यायला तयार असतात, यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये (ज्यात चॅनेलला जाहिरातीचे पैसे मिळतात) असाल तर तो पर्याय दिसतो का बघा. कराओके ट्रॅकवर गायलं असेल तर ट्रॅक बनवणाऱ्याचाही हक्क येतो, हे लोक विसरतात.

लाइव्ह करताना मागे टीव्ही चालू असेल तर?

बंद करा. लाइव्हसुद्धा तपासतात, आधी इशारा येतो, मग तुमच्या चित्राच्या जागी एक स्थिर चित्र येतं, आणि तरी चालूच राहिलं तर स्ट्रीम कापतात.

फेसबुक, ट्विचवर हेच नियम का?

साधारण हेच, पण बारकावे वेगळे. फेसबुकची राइट्स मॅनेजर सिस्टीम २०१६ मध्ये आली, तिथेही ब्लॉक, पैसे, नजर असेच पर्याय आहेत. ट्विच या लाइव्ह स्ट्रीमिंगच्या साइटवर बरीच वर्षं फारसं कोणी लक्ष देत नव्हतं, मग २०२० मध्ये म्युझिक कंपन्यांच्या नोटिसांचा लोंढा आला आणि ट्विचने असंख्य जुन्या क्लिप्स सरळ डिलीट केल्या, कितीतरी स्ट्रीमर्सना कुठल्या क्लिपमध्ये काय होतं तेपण कळलं नाही. जिथे ठसे जुळवायची सोयच नाही तिथे कंपन्या बाहेरच्या एजन्सी नेमतात, त्या लिंक शोधून नोटिसा पाठवत राहतात.

माझाच व्हिडिओ दुसऱ्याने टाकला तर मला काही करता येतं का?

येतं, आणि तेवढ्याच ताकदीने. कायदा मोठ्या स्टुडिओला जो टेकडाउनचा हक्क देतो तोच तुम्हाला देतो. कंटेंट आयडी नसलं तरी पात्र चॅनेलना कॉपीराइट मॅच टूल मिळतं, ते तुमच्या व्हिडिओच्या जवळपास तशाच कॉप्या शोधून दाखवतं. नाहीतर वेबफॉर्म आहेच. समोरचा नवखा वाटत असेल तर शेड्यूल्ड रिक्वेस्टचा पर्याय घ्या, त्यात त्याला स्वतःहून काढायला ७ दिवस मिळतात आणि स्ट्राइक बसत नाही. पण पाठवण्याआधी तुम्हीही बघा की त्याने खरंच कॉपी केलीय की तुमच्या व्हिडिओवर टीका केलीय. टीका आवडली नाही म्हणून टेकडाउन पाठवणं हा कायद्याचा गैरवापर आहे, मग तो स्टुडिओने केलेला असो की आपण. आणि मूळ एडिटिंग प्रोजेक्ट आणि कच्चं फुटेज कधीही डिलीट करू नका, व्हिडिओ आधी कोणाचा हा वाद झाला की अपलोडच्या तारखेपेक्षा ते जास्त कामाला येतं.